भावाला कोण विचारणार?

बाहेरगावाहून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. इथं प्रत्येक जण प्रत्येकाचा भाऊ असतो. रिक्षावाला, मिसळवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच हाक : ‘काय भावा!’ पण अशा या गावातसुद्धा कुणाचा सख्खा भाऊ किंवा बहीण अचानक गेली, तर मागं राहिलेल्या भावंडाला ‘तू कसा आहेस?’ असं विचारणारा क्वचितच भेटतो. मला वाटतं, आपण होस्टेलवाल्यांनी आणि आपल्या सर-मॅडमनी यावर विचार करायला हवा.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. सकाळी फोनवर बोललेला पोरगा संध्याकाळी नव्हता. घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण मला बाजूला घेऊन सांगायचा, ‘आता आई-वडिलांना तुलाच सांभाळायचंय. तू रडलास तर त्यांनी कुणाकडं बघायचं?’ सगळे मायेनंच बोलत होते. पाहुण्यांचा चहा, दहाव्याचं सामान, फोन करायची यादी, सगळं माझ्याकडं आलं. रडायचं काम तेवढं दुसऱ्यांकडं गेलं.

याच शहरातलं एक उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी जून १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय अवघं १९. महाराजांवर कोसळलेलं दुःख आपण वाचतो. विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींना त्यांनी धीरानं शिकवलं, हेही वाचतो. १९२० साली इथं निघालेल्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंगला त्यांचंच नाव आहे. पण राजाराम महाराज? तेव्हा ते २० वर्षांचे होते, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या मुलाएवढे. पाठचा भाऊ गेला होता. थोरल्या भगिनी राधाबाई अक्कासाहेब यांचं सासर देवासचं. हा इतिहास सांगताना आपण बापाजवळ थांबतो, सुनेजवळ थांबतो, भावाजवळ आणि बहिणीजवळ मात्र थांबत नाही. पुढं १९२२ मध्ये राजाराम महाराज गादीवर आले, एवढंच परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो.

आपली परंपरा मुळात इतकी कोरडी नाही. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, शिवाय ज्ञानेश्वरांचे गुरू. एवढ्या अधिकाराच्या माणसालाही ‘तुम्ही तरी खंबीर राहा’ असं नामदेवांनी सांगितलं नाही, त्यांचं दुःख गाऊन ठेवलं. व्यवहारात आपण मात्र दिवस मोजतो. बऱ्याच घरांत भावाचं सुतक दहा दिवस आणि सासरी गेलेल्या बहिणीला तीनच दिवस. चौथ्या दिवशी तिचं दुःख फिटतं काय?

आई-वडिलांचं दुःख मोठंच, त्याच्याशी कुणाची स्पर्धा नाही. पण भावंडाचं नुकसान वेगळं असतं. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम, आजोबांची नक्कल, आईपासून लपवलेली प्रगतिपुस्तकं, हे ज्याच्याबरोबर आठवून हसायचं तोच नसतो. ‘तुम्ही भावंडं किती?’ हा साधा प्रश्नसुद्धा अवघड होऊन बसतो. कॅम्पस इंटरव्ह्यूला ‘घरी कोण कोण?’ म्हणून विचारतात, तेव्हा आकडा सांगताना जीभ अडते.

आणि हे सगळं होस्टेलवर घडतं. तेरावा झाला की शिकणारं पोर बॅग भरून परत येतं. हजेरी बुडालेली, जर्नल अर्धवट, सबमिशन डोक्यावर. रूमवर पोरं बिचकून गप्प बसतात. नको बोलायला, उगीच आठवण यायची! अरे, आठवण कधी गेलेलीच नसते. उलट त्याच्या भावाचं नाव घ्या, तो कसा होता ते विचारा. रडला तर रडू द्या. मेसला एकटा बसू देऊ नका. जर्नल पूर्ण करायला आपली फाइल न मागता द्या. राखीपौर्णिमा आणि भाऊबीज हे दोन दिवस लक्षात ठेवा. लेडीज होस्टेलमध्ये सगळ्या जणी राख्या पाठवत असतात, त्या दिवशी एखादी खोलीचं दार लावून बसली असेल तर दार वाजवा.

सर-मॅडमना एकच विनंती. हजेरीचा नियम असू दे, पण सख्खं भावंड गेलेल्या मुलाला सवलतीसाठी टेबलाटेबलावर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. रेक्टर किंवा क्लास टीचर यांच्यापैकी एकानं सगळ्यांना एकदाच कळवावं. तेवढ्यानंही मोठा भार उतरतो.

‘आई-वडिलांना सांभाळ’ हे सांगणारे त्याला भरपूर भेटलेले असतात. त्याला सांभाळायचं काम आपलं आहे. दिवसातून पन्नास वेळा ‘भावा’ म्हणतो आपण. एकदा तरी त्याच्या शेजारी बसून विचारू या, ‘भावा, तू कसा आहेस?’