वारा खायलाही पास लागतो का?

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. संध्याकाळचे सहा वाजले असतील. पाऊस थोडा थांबला होता. मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर आमच्या ओळखीची एक भगिनी सासूला हाताला धरून वाळूवर घेऊन आली होती. ही भगिनी पहाटेपासून रस्ते झाडण्याच्या कामावर असते. सासू कोरोनातून नुकतीच उठलेली. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज थोडे चाला, मोकळी हवा घ्या. दोघींच्या तोंडाला मास्क होता आणि आजूबाजूला शंभर पावलांवर माणूस नव्हते. बंदोबस्तावरच्या शिपायाने शिटी मारली आणि दोघींना परत फिरवले. सकाळी नऊनंतर इथे यायला बंदी आहे, असे त्याने सांगितले. म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली, "वारो खाऊक पण आता पास लागता काय रे?"

आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते तिथेच उभे होतो आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या शिपायावर आमचा राग नाही. तो नियमाप्रमाणेच वागला. म्हणून प्रश्न नियमालाच विचारला पाहिजे.

नियम काय होता ते आधी नीट समजून घेऊ. राज्य सरकारने ४ जून २०२१ रोजी निर्बंध शिथिल करण्याचा आदेश काढला. जिल्ह्यांचे पाच स्तर केले. बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर पाहून कोणता जिल्हा कुठल्या स्तरात हे ठरत असे. आपला सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात आला. या स्तरात सार्वजनिक जागा, मोकळी मैदाने, चालणे आणि सायकल चालवणे यांना सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते सकाळी नऊ एवढीच परवानगी होती. शनिवार-रविवार पूर्ण बंद.

आता साधा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातले २० तास समुद्रकिनारा आपला, उरलेले १४८ तास कुलूप. आणि ते २० तासही कोणाच्या सोयीचे होते? पहाटे पाच ते नऊ हा वेळ ज्याचा स्वतःचा आहे, त्याच्या. निवृत्त अधिकारी, दुकान बंद असलेला व्यापारी, घरून काम करणारा नोकरदार हे लोक सकाळी बूट घालून फिरायला निघू शकत होते. त्यांनी फिरावे, आमचा त्याला विरोध नाही. पण त्याच चार तासांत आमची भगिनी हातात झाडू घेऊन त्यांच्या फिरण्याचा रस्ता साफ करत असते. आमची आई चुलीशी असते, पाणी भरत असते. बांधकामावरचा मजूर डबा बांधून निघालेला असतो. या माणसांना मोकळा वेळ मिळतो तो संध्याकाळी आणि रविवारी. नेमक्या त्याच वेळी सरकारने किनारा बंद केला होता.

नियमात कुठेही जात लिहिलेली नाही, हे आम्हाला मान्य आहे. हा आदेश काढणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या समाजात काम जातीने वाटले गेले, त्या समाजात कामाची वेळही जातीनेच वाटली जाते. मग घड्याळ पाहून केलेला नियम जात न विचारताही जातीवर जाऊन पडतो. कागदावर सगळ्यांना सारखा असलेला नियम जमिनीवर सारखा राहत नाही, हे आंबेडकरी चळवळीच्या माणसाला नव्याने सांगायला नको.

दुसरी गोष्ट घराची. लॉकडाऊनचा सगळा डोलारा "घरात राहा" या दोन शब्दांवर उभा होता. पण घर म्हणजे काय? कोकणातले घर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सारवलेले खळे, माडाची बाग, मागचे परसू येते. आमच्या बौद्धवाडीत येऊन पाहा. गावाच्या टोकाला, दोन-चार गुंठ्यांत एकाला एक लागून उभी घरे. जमीन खोताची, घाम कुळाचा, ही या मुलखाची जुनी रीत. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि ही रीत मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली, पण वाडीच्या वाट्याला अंगण आले नाही. त्यात १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले. कित्येक घरांचे पत्रे आणि कौले उडाली. त्यातल्या अनेक घरांवर तेव्हा ताडपत्री होती. खाली ओल आणि एका खोलीत सहा माणसे. "घरात राहा" म्हणजे या खोलीत राहा.

आणि ही खोली धोक्याची आहे हे सरकारला माहीत होते. मे २०२१ च्या अखेरीस सरकारनेच १८ जिल्ह्यांत रुग्णांचे घरच्या घरी विलगीकरण बंद करण्याचे जाहीर केले. त्यात सिंधुदुर्ग होता. घरातला एक आजारी पडला की सगळे घर आजारी पडते, हे त्यामागचे कारण. म्हणजे रुग्णासाठी हे घर लहान आहे हे सरकारला पटले. मग त्याच घरातल्या निरोगी माणसांना सकाळी नऊनंतर त्याच खोलीत परत कोंडायचे, हे कोणते शास्त्र? हा विषाणू बंद, कोंदट, गर्दीच्या जागेत जास्त पसरतो आणि वाहत्या हवेत त्याचा धोका कितीतरी कमी असतो, हे आता जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर जूनमध्ये जो वारा सुटतो त्याहून वाहती हवा आणखी कुठे मिळणार?

साथीच्या काळात हवा आणि उजेड ही चैन नसते, हे आपल्या इतिहासालाही माहीत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्याच प्लेगात सावित्रीमाई आणि डॉक्टर यशवंत यांनी रुग्णांवर उपचार केले ते पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन माई तिथे गेल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगनंतर दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड आणायचा म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कळले होते की कोंडलेली खोली रोग वाढवते. साथरोग कायद्याचा दंडुका आपण तेवढा जपून ठेवला आणि हवा-उजेडाचा धडा विसरलो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की किनारा उघडला की गर्दी होईल. गर्दी होते ती वेळ कमी ठेवल्यामुळे. सगळ्या गावाला चार तास दिले तर सगळे गाव त्या चार तासांत येणार. वेळ वाढवली की माणसे विखुरतात. आणि हे आम्ही नवीन काही मागत नव्हतो. २०२० मध्ये ३१ मेच्या 'मिशन बिगिन अगेन' आदेशात याच राज्य सरकारने मुंबई-पुण्यासारख्या रेड झोनच्या शहरांतसुद्धा समुद्रकिनारे, मैदाने आणि बागांमध्ये चालायला, धावायला, सायकल चालवायला पहाटे पाच ते संध्याकाळी सात अशी परवानगी दिली होती. अट एवढीच की गट करायचे नाहीत आणि लहान मुलांसोबत मोठे माणूस हवे. मुंबईला चौदा तास चालले, मग चिवल्याच्या, तारकर्लीच्या, आचऱ्याच्या माणसाला चार तास का?

दुसरा आक्षेप असा की हा पर्यटन जिल्हा आहे, बाहेरचे लोक लोटतील. पण पर्यटन वेगळे आणि गावातल्या माणसाने आपल्या किनाऱ्यावर चालणे वेगळे. हॉटेले, बोटी, स्कूबा या गोष्टी निर्बंधात राहू द्यायला आमची हरकत नव्हती, पावसाळ्यात त्या तशाही बंदच असतात. आम्हाला तर उलटीच भीती वाटत होती. उद्या साथ ओसरली की किनारा सगळ्यात आधी पैसेवाल्या पाहुण्यासाठी उघडेल आणि वाडीतल्या माणसाला तिथे फक्त कचरा उचलायला बोलावले जाईल. म्हणून आजच सांगून ठेवतो, किनाऱ्यावर पहिला हक्क किनाऱ्यावर राहणाऱ्याचा.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसांचा होता आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त लागला. काही कार्यकर्ते तेव्हा म्हणत, लोकांना रेशन मिळत नाही, लस मिळत नाही, पोरांचे ऑनलाइन शिक्षण बंद पडले आहे आणि तुम्ही फिरण्याच्या गोष्टी काय करता? रेशन आणि लस पहिली, याबद्दल वाद नाही. पण आमच्या माणसाला फक्त पोट आहे, त्याला मन नाही, फुप्फुस नाही, त्याच्या पोरांना खेळ नाही, हे कोणी ठरवले? महाडचा सत्याग्रह काय फक्त तहानेसाठी होता? सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून पाय ठेवण्यासाठी तो होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते सहा तास कशासाठी होते? माणसाला काम सोडून स्वतःचेही आयुष्य असते म्हणून.

संविधानाचे कलम १५ विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करायला मनाई करते. कलम ४३ कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे यासोबतच त्याला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, यासाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगते. फुरसत हा शब्द ज्या संविधानात आहे, त्याच्या राज्यात झाडूवालीच्या फुरसतीला शिटी मारून हाकलले गेले. आम्ही कोर्टात जाऊन जिंकू असा दावा करत नाही. साथीच्या काळात सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात, हे आम्हालाही कळते. पण निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासताना तो सगळ्यात लहान घरातून पाहिला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या होत्या. सकाळच्या वेळेसोबत संध्याकाळी किमान दोन तास किनारे आणि मैदाने चालण्यासाठी उघडी ठेवा. शनिवार-रविवारची बंदी उठवा, कारण कष्टकऱ्याला सुट्टी तेव्हाच असते. वाडीजवळची शाळांची मैदाने मुलांना पाळीपाळीने खेळायला द्या. मास्क, अंतर आणि गट न करण्याची अट कडक ठेवा, पाण्यात उतरायला बंदी ठेवा, कारण जूनचा समुद्र कोणाचा सगा नाही. आणि नियम मोडणाऱ्याला समज द्या, दंडुका आणि उठाबशा नकोत.

तरुण मित्रांनो, तेव्हा स्तर दर आठवड्याला ठरत असे. गुरुवारी आकडे पाहिले जात आणि सोमवारपासून नवा स्तर लागू होई. म्हणजे आपल्याला दर आठवड्याला बोलायची संधी होती. आपापल्या ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना, ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्या. निवेदनात आपल्या वाडीतल्या घरांच्या खोल्या किती, माणसे किती, कामावर जायची वेळ काय हे मोजून लिहा. घोषणेपेक्षा हा कागद जास्त बोलेल. तोपर्यंत स्वतः नियम पाळा, लस मिळेल तेव्हा घ्या, वाडीतल्या म्हाताऱ्यांना न्या.

त्या म्हातारीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या वेळी तिने विचारले तर सांगता आले पाहिजे की आये, वारो कोणाच्या बापाचो नाय, चल, बस हंय.

जय भीम!