बँक सोलापूरची, सर्व्हर कुणाचा?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील अनेक छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार थांबले. या बँकांच्या शाखा, कर्मचारी, तिजोऱ्या सगळे जागेवर होते. बिघाड झाला होता तो त्यांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीत. टीसीएस आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तो पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरते बाजूला काढले. सुमारे ३०० बँकांना झळ बसल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली आणि विषय मागे पडला.

सोलापूरने मात्र तो मागे पडू देऊ नये. हे सहकारी बँकांचे शहर आहे. यंत्रमागवाला, मार्केट यार्डातला अडत्या, नोकरदार, छोटा दुकानदार अशा अनेकांचे खाते नागरी बँकेत किंवा पतसंस्थेत असते. आणि छोट्या बँकेचे संगणकाचे काम बहुतेकदा बाहेरच्याच कंपनीकडे असते.

बाहेर काम देण्यात गैर काय?

काहीच नाही. छोट्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर, चोवीस तास पहारा देणारे तज्ज्ञ, एटीएमचा स्विच हे परवडणारे नाही. सोलापूरला हे वेगळे सांगायला नको. इथला कारखानदार सूत रंगवायला बाहेर देतोच. पण चादरीचा रंग पहिल्या धुण्यात उतरला, तर गिऱ्हाईक डाईंगवाल्याचा पत्ता शोधत नाही. ज्याचे लेबल, त्याच्याच दारात येते.

रिझर्व्ह बँकेचे म्हणणेही हेच आहे. १० एप्रिल २०२३ रोजी तिने आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगबाबत सविस्तर निर्देश काढले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेची आणि तिच्या संचालक मंडळाचीच, हा त्याचा पाया. पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क करारात हवा, त्याने पुढे कुणाला उपकंत्राट दिले ते बँकेला ठाऊक हवे, आणि पुरवठादाराला गडबड लक्षात आल्यापासून ६ तासांत खबर रिझर्व्ह बँकेपर्यंत गेली पाहिजे. पण हे निर्देश काढताना टियर १ आणि टियर २ च्या नागरी बँका, म्हणजे ढोबळमानाने १ हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, त्यातून वगळल्या गेल्या. ज्यांचा कारभार पुरवठादारावर सर्वाधिक अवलंबून, त्यांनाच सूट! त्यांच्यावर कागदोपत्री भार नको, हा हेतू समजतो. तरीही हे उलटे वाटते. सूट मिळाली म्हणून करार ढिला ठेवायला कुणी सांगितलेले नाही.

चोर नेमका कुठून शिरतो?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण अजून ताजे आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. त्यात कोल्हापूरही होते. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. गंमत म्हणजे खातेदारांच्या नोंदी असलेल्या कोअर बँकिंगला धक्काही लागला नव्हता. एटीएम आणि कोअर बँकिंग यांच्यामध्ये जो स्विच असतो, त्याच्या जागी चोरांनी नकली स्विच बसवला. एटीएमने विचारले, ‘पैसे देऊ का?’ आणि नकली स्विच परस्पर ‘दे’ म्हणत राहिला. बँकेला विचारणा पोहोचलीच नाही. बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेल्यांपैकी ११ जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले.

कॉसमॉस मोठी बँक. अनेक छोट्या बँका हा स्विच दुसऱ्याकडून भाड्याने घेतात. म्हणूनच ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने एटीएम स्विचची सेवा देणाऱ्यांसाठी सुरक्षेचे नियम ठरवले आणि ते त्यांच्याबरोबरच्या करारात घाला, असे बँकांना सांगितले. सी-एजच्या प्रकरणात तर साखळी आणखी लांब निघाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार, हल्लेखोर शिरले ते सी-एजशी जोडलेल्या एका छोट्या कंपनीच्या, नीट बंदोबस्त नसलेल्या सर्व्हरमधून. बँकेने काम दिले एकाला, दार उघडे राहिले तिसऱ्याचे.

सभासदांनी काय विचारावे?

वार्षिक सभांत लाभांश किती आणि भेटवस्तू काय, यावर तास जातो. सॉफ्टवेअरचा खर्च अहवालात एका ओळीत असतो आणि सर्वात कमी दराची निविदा मंजूर झाली की टाळ्या पडतात. खरा प्रश्न दराचा नाही, बाहेर पडण्याचा आहे. उद्या पुरवठादाराशी पटले नाही, तर खातेदारांची माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल? हे करारात नसेल तर बँक त्या कंपनीची बंदी आहे. मग दरवर्षी वाढीव दर निमूट द्यायचे आणि नवी यंत्रणा घाईघाईत बसवायची. जुन्या-नव्या यंत्रणांवर काही दिवस समांतर काम करून ताळेबंद जुळवणे हा अशा बदलातला सर्वात कंटाळवाणा टप्पा. मुदत जवळ आली की कात्री त्यालाच लागते.

दुसरा प्रश्न साधा आहे. बॅकअप घेतो, असे सगळेच सांगतात. त्या बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करून शेवटची कधी पाहिली, ती तारीख मागा.

छोट्या नागरी बँकांना तंत्रज्ञान एकत्रितपणे मिळावे यासाठी २ मार्च २०२४ रोजी एनयूसीएफडीसी या शिखर संस्थेचे उद्घाटन झाले. उपयोग आहेच, पण एकाच छत्राखाली सगळे आले की छत्र फाटल्यावर भिजणारेही सगळेच.

पैसे गेले तर खातेदाराचे काय?

सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल, तर ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलेल्या ग्राहकालाही भुर्दंड नाही. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी १९३० वर फोन करा.