जुलूस काढा, पण आधी जमा-नावे मांडा



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनीही वाचावी, कारण असले बेत तुमच्याकडेही शिजत असतात.

आमच्या ग्वाल्हेरला बेत ठरतोय तो असा. पुढच्या जूनमध्ये मोरारपासून फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपर्यंत १८५८ ची शौर्ययात्रा काढायची. दीडशे जण त्या काळच्या पोशाखात चालतील, वीस घोडे, पुण्याहून ढोल-ताशा पथक. जमलेल्या पैशातून आपल्या समाजाच्या जुन्या वास्तूचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं आणि माडीवरच्या कपाटातली मोडी कागदपत्रं वाचवायची. पत्रक सगळ्या ग्रुपांवर फिरलं. लोकांनी हात जोडले, झेंडे टाकले, कोणी मुलीचं नाव राणीच्या भूमिकेसाठी दिलं. मी फक्त एवढंच लिहिलं, "अंदाजपत्रक पाठवावे." उत्तर आलं, "काका, सुरुवातीलाच खोडा नको."

खोडा नाही बाबांनो. बँकेत चौतीस वर्षं काढली. कर्जाचा अर्ज वाचताना अर्जदाराची कळकळ बघायची नसते, पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार ते बघायचं असतं. तेवढंच बघतोय.

अंदाजपत्रक शेवटी मिळालं. घोड्यांचं भाडं १,८०,०००. पोशाख, फेटे, ढाल-तलवारी २,२५,०००. ढोल पथकाचा प्रवास, मुक्काम आणि मानधन २,१०,०००. मंच, मांडव, साउंड १,७५,०००. बॅनर, व्हिडिओ, ड्रोन ९०,०००. नाश्ता, जेवण, पाणी १,२०,०००. बेरीज बरोबर दहा लाख. जमेच्या बाजूला साडेबारा लाख. म्हणजे जतनासाठी उरतात अडीच लाख.

आता हे साध्या भाषेत सांगतो. तुम्ही छपरासाठी म्हणून शंभर रुपये चंदा द्याल, त्यातले वीस छपराला जातील आणि ऐंशी घोडे, ढोल, फेटे आणि ड्रोनला. बरं, जमेतले साडेबारा लाख तरी पक्के आहेत का? त्यातले पाच लाख "प्रायोजकांकडून अपेक्षित" आहेत. एकाचंही लेखी पत्र नाही. त्यातले निम्मे आले नाहीत की जतनासाठी उरतं शून्य. आणि खर्चाच्या यादीत विमा नाही, रुग्णवाहिका नाही, परवानग्यांचा खर्च नाही. घोडा उधळला, एखादं पोर पायाखाली आलं, तर ते पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे?

सगळ्यात मोठी गोम पुढेच आहे. ज्या छपरासाठी हे सगळं चाललंय, त्या छपराचं अंदाजपत्रकच कोणी केलेलं नाही. किती वासे बदलायचे, कौलं किती लागतील, कपाटात कागद किती, कोणत्या अवस्थेत, काहीच नाही. मिरवणुकीत पाण्याच्या बाटल्या किती लागतील ते ठरलंय. कागदांचे रुमाल किती आहेत ते मोजलेलं नाही.

तरुण मंडळींचं म्हणणं मी ऐकलंय. "काका, आजकाल काहीतरी डोळ्यांत भरेल असं केल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. नुसतं छप्पर गळतंय म्हणून कोण देणार?" यात तथ्य आहे, नाकारत नाही. चार वर्षं छपरासाठी पत्रकं काढली गेली, आलं काय? मोजकेच चेक. चालणारी माणसं दिसली की देणारे हात सैल होतात, हे खरं आहे. म्हणून मी म्हणतोय, चाला. जरूर चाला. पण चालायला पैसा लागत नाही. पैसा लागतो तो मिरवायला.

आता दुसरी बाजू. ती पैशाची नाही, पण माझ्या मते त्याहून जड आहे.

पत्रकातला प्रसंगक्रम वाचला. राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब काल्पीहून ग्वाल्हेरवर चालून येतात, नगरात जल्लोष, मग रणसंग्राम, बलिदान, समाधी. छान. पण १ जून १८५८ ला मोरारजवळ त्यांच्यासमोर कोण उभं होतं, ते पत्रकात नाही. समोर उभे होते जयाजीराव शिंदे, आपली फौज आणि तोफा घेऊन. त्यातली बहुतेक फौज लढलीच नाही, बरीचशी पलीकडे जाऊन मिळाली. महाराजांचे अंगरक्षक तेवढे झुंजले. जयाजीराव धोलपूरमार्गे आग्र्याला इंग्रजांकडे गेले, दिवाण दिनकरराव राजवाडेही तिकडेच गेले.

मंडळी, आपण लष्करचे. निंबाळकरांची गोठ, फाळका बाजार, शिंद्यांची छावणी, ही नावं उगाच पडलेली नाहीत. दौलतरावांच्या फौजेचा तळ पडला म्हणून शहराचं नाव लष्कर. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त घरांचे पूर्वज त्या दिवशी शिंदे सरकारचा पगार खात होते. कोणी महाराजांबरोबर गेला, कोणी रावसाहेबांना मुजरा केला, कोणी दार लावून घरात बसला. आमचे खापरपणजोबा फडात कारकून होते. आजी म्हणायची ते आग्र्याला गेले. आत्या म्हणायची ते इथेच राहिले आणि नव्या दरबारात हजेरी लावून आले. कोणाचं खरं, हे सांगणारे कागद वाड्याच्या वाटणीत दोन पोती भरून रद्दीवाल्याकडे गेले.

शाळेत हिंदीच्या तासाला सुभद्राकुमारी चौहान यांची 'झाँसी की रानी' शिकवायचे. त्यात शिंद्यांचा जो उल्लेख आहे तिथे आलं की वर्गातली पोरं वळून आम्हा मराठी मुलांकडे बघायची. माझ्या वयाच्या प्रत्येक ग्वाल्हेरकराने हे भोगलंय. त्याला उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे १ जून गाळून टाकायचा आणि सगळ्यांनी राणीच्या सैन्यात उभं राहायचं. दुसरा म्हणजे जे झालं ते सगळं सांगायचं: एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूलाही मराठे, आणि मध्ये पगारासाठी नोकरी करणारी हजारो साधी माणसं. पहिल्या मार्गाने जतन होत नाही, लपवाछपवी होते. पत्रकात दीडशे भूमिका आहेत. त्यात जयाजीरावांची नाही, त्या अंगरक्षकांचीही नाही. हे वहीचं नावे पान फाडून फक्त जमा पान दाखवण्यासारखं झालं. अशी वही कोणता ऑडिटर पास करील?

आणखी एका माणसाची भूमिका यादीत नाही, आणि बँकवाला म्हणून मला ते लागलं. अमरचंद बांठिया. शिंदे सरकारच्या गंगाजळीचे खजिनदार. महिनोन् महिने पगार न मिळालेल्या बंडवाल्या फौजेसाठी त्यांनी खजिना उघडून दिला, आणि इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतल्यावर सराफ्यात कडुनिंबाच्या झाडाला त्यांना फाशी दिलं, असं ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. जैन माणूस, हातात तलवार नाही, घोडा नाही, हिशेबाची वही. फेटा बांधून फोटोत शोभणार नाही म्हणून गाळला की काय?

आणि पाठीवर मूल बांधलेली राणी तर हवीच, तिच्याशिवाय पोस्टर होत नाही. पण ते मूल, दामोदरराव, पुढे इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर इंदूरला राहिले आणि १९०६ साली तिथेच वारले. त्यांच्यासाठी कोणी यात्रा काढत नाही.

आता जो प्रसंग तुम्ही "नगरात जल्लोष" म्हणून दाखवणार आहात, त्याबद्दल. ग्वाल्हेर हाती आल्यावर फूलबागेत थाटाचा दरबार भरला. राणीच्या मराठी चरित्रांतून वाचायला मिळतं की रावसाहेब दरबार, बक्षिसं, ब्राह्मणभोजनं यांत गुंतले. राणीला ते पसंत नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की ह्यू रोज येतोय, फौज तयार करा. दोन आठवड्यांत रोज मोरारला येऊन धडकला. १७ जूनला कोट्याच्या सराईजवळ लढाई झाली आणि राणी पडली. २० जूनपर्यंत शहर आणि किल्ला दोन्ही इंग्रजांकडे. तो किल्ला शिंद्यांना १८८६ साली परत मिळाला, तोही झाशी इंग्रजांच्या पदरात टाकून.

म्हणजे हातात आलेला खजिना समारंभात घालवू नका, हे सांगणाऱ्या बाईच्या नावाने आपण दहा लाखांचा समारंभ करणार. मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

उन्हाचंही सांगतो. आपला जून म्हणजे पंचेचाळीस अंश. त्या मोहिमेत रोजच्या फौजेतले गोरे शिपाई उन्हाने कोसळत होते, खुद्द रोजला उन्हाचा झटका बसला होता. आपली सत्तरीतली मंडळी जरीचे अंगरखे घालून डांबरी रस्त्यावर चालणार? घोड्यांचे पाय भाजतात हे तरी लक्षात घ्या. समाधीपाशी दरवर्षी जूनमध्ये बलिदान मेळा भरतो, पुढारी येतात, भाषणं होतात. तिथे आपली आणखी भर कशाला? १९ नोव्हेंबरला राणीची जयंती पाळतात. हवा गार असते. तो दिवस धरा.

शेवटचा मुद्दा जतनाचा. १८५७-५८ साली झाशीत सामान्य माणसाचं काय झालं, लोक काय खात होते, कुठे लपले, हे आपल्याला कोणामुळे कळलं? वरसईच्या विष्णुभट गोडशांमुळे. घरावरचं कर्ज फिटावं, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी, एवढ्यासाठी कोकणातून निघालेला भिक्षुक. झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, कसाबसा घरी पोचला आणि नंतर पाहिलेलं लिहून काढलं. ते लिखाण 'माझा प्रवास' म्हणून १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. मधल्या काळात ते बाड कोणीतरी सांभाळलं, वाळवी लागू दिली नाही, म्हणून आज आहे.

आपल्याच गावचे आनंदराव भाऊ फाळके. 'शिंदेशाही इतिहासाची साधने' त्यांनी छापली. ती कुठून आली? माणसांच्या घरांतून, दप्तरांतून. आज आपल्या माडीवरच्या रुमालांत काय आहे? पगाराच्या पावत्या असतील, गावांचे हिशेब असतील, कोणा बाईने माहेरी पाठवलेलं पत्र असेल. माझ्या खापरपणजोबांसारख्या कोणाचा तरी निकाल त्यात असेल. ते बघायला मोडी वाचणारा माणूस लागतो. आणि मोडी वाचणारी माणसं कागदांपेक्षा लवकर संपत चालली आहेत.

तेव्हा माझ्या सूचना अशा.

एक. जतन निधीचं बँक खातं वेगळं, दोन सह्यांचं. त्यातून यात्रेचा एक पैसाही खर्च नाही. यात्रेचा खर्च प्रायोजकांच्या लेखी पत्रांतून, आणि जेवढी पत्रं तेवढीच यात्रा. पत्रं आली नाहीत तर घोडे नाहीत.

दोन. पोशाख सक्तीचा नको. ज्याच्या घरी आजोबांची पगडी आहे त्याने घालावी. बाकीच्यांनी धोतर, नऊवारी, सलवार, पँट, जे रोजचं असेल ते.

तीन. प्रत्येक चालणाऱ्याने किलोमीटरमागे देणगी देणारे दहा जण आणावेत. नातवाला म्हणा, तुझा आजोबा मोरारहून फूलबागेपर्यंत चालतोय, किलोमीटरला किती देतोस? पुणे, बंगलोर, अमेरिकेतली पोरं फोनवरून देतील. पावती प्रत्येकाला. ८०जी ची सवलत मिळणार असेल तर हेही सांगा की रोखीने दोन हजारांच्या वर दिलं तर ती मिळत नाही.

चार. रस्त्यात थांबे करा. मोरारला १ जून, दोन्ही बाजूंसह. सराफ्यात बांठियांसाठी पाच मिनिटं. प्रत्येक थांब्यावर एकाने उभं राहून कागदावरून वाचावं. ढोल नाही.

पाच. यात्रेच्या आधी कपाटं उघडा. रुमाल मोजा, क्रमांक द्या, पानांचे फोटो काढा. हे काम चार तरुण मोबाइलवर दोन महिन्यांत करतील. मग देणगी मागताना सांगता येईल, एवढी पानं आहेत, एका पानाला एवढा खर्च, तुम्ही किती पानं घेता?

येत्या रविवारी बैठक आहे. हे अंदाजपत्रक जसंच्या तसं मंजुरीला आलं तर मी विरोधात हात वर करीन, एकटा असलो तरी. बदललेलं आलं तर खातेवही मी फुकट सांभाळीन आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च याच ठिकाणी टाकीन.

ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी कृपा करून दिवाळीच्या सफाईत ते काढू नका. खाली कमेंटमध्ये नुसतं "आहेत" एवढं लिहा. आणि मोडी वाचता येणारं कोणी वडीलधारं तुमच्या ओळखीत असेल तर तेही कळवा. ते काम आधी.