रेटा पुढून की मागून?

डिंभे धरणावरून आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक कच्ची वाट फुटते. गेल्या आठवड्यात त्या वाटेच्या चढावर एक पॉवर टिलर अडलेला दिसला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत पाण्याचे चार ड्रम. इंजिन जोमात फटफटत होतं, पण चाकं जागच्या जागी फिरत होती आणि मुरूम मागे उडत होता. खाली घोड नदीचा फुगवटा, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, उन्हात चकाकत होता. धरण पायथ्याला आणि तहान डोंगरावर, ही या भागाची कहाणी जुनीच आहे. आज फक्त चढाचं बोलू.

बरोबरच्या पोराने सुचवलं, "मामा, ट्रॉली वरच्या अंगाला घेऊ, टिलर उलटा फिरवून रिव्हर्समध्ये रेटू." टिलर चालवणाऱ्या मामांनी नकारार्थी मान हलवली. "रिव्हर्सला दांड्या उसळून छातीवर येत्यात. गप ऱ्हा."

मामा बरोबर होते. पण पोराचा प्रश्नही चुकीचा नव्हता. जड ओझं चढावर पुढून ओढावं की मागून रेटावं, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. बोरघाटात रेल्वे आली १८६३ साली. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. आजही कर्जतला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत रेटा देतात. एकट्या पुढच्या इंजिनाने ओढलं तर डब्यांमधल्या कपलिंगवर सगळा ताण येतो. मागच्या इंजिनाने तो वाटून घेतला जातो आणि गाडी उलटी घरंगळायचं भयही कमी होतं. मात्र रेल्वेला रूळ आहेत, डबा बाजूला जाऊन जाणार कुठे? मुरमाच्या वाटेवर मागून रेटलं की टिलर आणि ट्रॉलीमधला सांधा दुमडतो, आणि ट्रॉली आडवी होऊन दरीकडे तोंड करते. म्हणून इथे ओढणंच खरं. रेटा द्यायचा तो माणसांनी.

मग टिलर अडला कशाने? चार ड्रम पाणी म्हणजे ८०० किलो. ट्रॉली आणि माणूस धरून १२०० समजा. आठ फुटांना एक फूट असा चढ असेल, तर नुसत्या चढासाठी १५० किलोची ओढ लागते. कच्च्या वाटेचा अडसर आणखी ५०-६० किलोचा. यंत्राला स्वतःचं वजनही वर न्यायचं असतं, तो हिशेब वेगळा. चालायच्या वेगाने एवढी ओढ द्यायला १३ अश्वशक्तीच्या इंजिनाला फारसं जड नाही, ताकद उरते. उरत नाही ती चाकाची पकड. टिलरचं वजन ४०० किलोच्या आसपास, आणि सुक्या कठीण मातीत चाक आपल्यावरच्या भाराच्या साधारण निम्मी ओढ देतं. म्हणजे इंजिन दमायच्या आधीच चाक घसरतं. अ‍ॅक्सिलरेटर वाढवून काही होत नाही, फक्त मुरूम उडतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे गणित एका शब्दात माहीत होतं: उलाळ. गाडीचा भार मागे गेला की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेवर काही उरत नाही. चढावर भार आपोआप मागे सरकतो, म्हणून चढ लागण्याआधी पोती पुढे घ्यायची. ट्रॉलीचंही तेच. ती उलाळ झाली की टिलरच्या चाकांवरचा दाब कमी होतो. मामांनी मागचे दोन ड्रम पुढे ओढले, तिघांनी फळीला खांदा लावला, आणि गाडी हलली.

याच भागात चढाला आणखी एक अर्थ आहे. बैलगाडा शर्यतीचा चढता माग, त्यालाही आम्ही घाटच म्हणतो. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि गाडा रिकामा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मे २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. जुन्नर-आंबेगावात त्या दिवशी भंडारा उधळला गेला, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण बैल आता रिकामा गाडा घेऊन घाट चढतो आणि भरलेली गाडी टिलर चढवतो, एवढं लक्षात असू द्यावं. गावकीची सगळी चर्चा मात्र शर्यतीच्या घाटाचीच.

टिलर पश्चिम पट्ट्यात आला तो भातखाचरांच्या चिखलणीसाठी. मोठा ट्रॅक्टर त्या चिंचोळ्या खाचरात वळत नाही. अनुदानाच्या कागदावर तो आजही शेतीचं अवजार आहे. पावसाळ्यातली काही दिवसांची चिखलणी संपली की तो काय करतो? खताच्या गोण्या, घरकुलाचं सिमेंट, हिरड्याची पोती, आजारी माणूस. तो डोंगरातला टेंपो आहे. त्याच्यासाठी वाट रुंद करायलाही नको, आणि हीच त्याची मोठी बाजू. जेसीबी लावून डोंगराचा उतार कापत नेला की काय होऊ शकतं, याचा धसका ३० जुलै २०१४ नंतर, माळीणवर कोसळलेल्या दरडीनंतर, आंबेगाव तालुक्याला कायमचा आहे. कारणं काही सांगितली जावोत, उगाच उतार कापू नये एवढं तरी पटावं. वाट यंत्राच्या मापाची करण्यापेक्षा यंत्र वाटेच्या मापाचं घ्यावं. नाणेघाटात सातवाहनांच्या काळी व्यापार चालला तो लमाणांच्या तांड्यांसारख्याच पाठीवरच्या ओझ्यांनी. त्या दगडी पायऱ्यांवरून गाडी कधी गेली नसणार, पण माल गेला.

माझी तक्रार वेगळी आहे. टिलर घेताना चिखलणी शिकवतात, उतार कोणी शिकवत नाही. सपाटीवर डावा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो, कारण डावं चाक सुटतं आणि उजवं ढकलतं. उतारावर मागचं ओझं रेटत असतं, इंजिन उलट आवरून धरतं. तिथे डावा क्लच दाबला की सुटलेलं डावं चाक पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे वळतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दरी टाळायला क्लच दाबतो आणि दरीकडेच जातो. अनुदानाच्या टिलरसोबत ट्रॉलीला नीट ब्रेक आणि प्रत्यक्ष उतारावरचा एक दिवसाचा सराव, एवढं कृषी खात्याने सक्तीचं करावं. फार मागणं नाही.

वस्तीवर पोचेपर्यंत मी मागून चालत गेलो. त्या पोराच्या हातात सगळी वाट एक चपटा दगड होता. टिलर थांबला की वाकून तो चाकाखाली सारायचा, निघाला की उचलून पुन्हा चालू लागायचा. मी विचारलं, "ब्रेक नाही का?" तो म्हणाला, "हाय की. ह्यो काय हातात."