फितुरीचा दोष एकट्या नातूंच्या माथी?

आषाढात तुकोबांची पालखी श्रीपूरच्या परिसरातून पंढरपूरकडे सरकू लागते, तेव्हा वाटेच्या त्या टोकाशी घडलेल्या एका खुनाचे स्मरण कोणास होत असेल असे वाटत नाही. २० जुलै १८१५ रोजी, आषाढीच्याच यात्रेत, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतत असता मारेकऱ्यांनी त्यांना भररस्त्यात तोडले. दुसरा बाजीराव त्या वेळी पंढरपुरातच होता. शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी मात्र कंपनी सरकारची, आणि त्या सरकारचा पुण्यातील रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा दूर वेरूळची लेणी पाहत होता! तरीही खुनाचा धागा त्रिंबकजी डेंगळ्यापर्यंत पोचविण्याइतकी माहिती त्याच्या हाती थोड्याच दिवसांत आली.

एल्फिन्स्टनच्या या कर्तबगारीमागे जी एतद्देशीय माणसे उभी होती, त्यांत बाळाजीपंत नातू हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांनी पुणे घेतले आणि शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले, ते नातूंच्या हातून, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शाळेतला मुलगाही पेशवाई कोणी बुडविली म्हणताच नातूंकडे बोट दाखवितो. उत्तर सोपे आहे; म्हणूनच ते तपासले पाहिजे.

खबऱ्याची जात सर्व देशांत एकच. एलिझाबेथ राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम याने १५८६ साली गिल्बर्ट गिफर्ड नावाच्या दुतोंडी माणसाकरवी, बियरच्या पिंपांतून जाणारी मेरी राणीची सांकेतिक पत्रे मिळविली आणि पुढील वर्षी तिचे मस्तक उडाले. गिफर्ड मात्र पॅरिसच्या कैदेत खितपत मेला. नातूंच्या वाट्याला इनामे आणि मानमरातब आले, एवढाच काय तो फरक.

पण ही कानगोष्ट पिकते कोणत्या जमिनीत? नाना फडणीस १८०० साली वारले, तोवर देशोदेशीच्या दरबारांतील बातमीपत्रे पुण्यास येत असत. पुण्याची बातमी बाहेर जाण्यापूर्वी बाहेरची पुण्यात पोचे. बाजीरावाच्या अमदानीत हा ओघ उलटा वाहू लागला. ज्याने सरदारांच्या जहागिरींवर डोळा ठेवला, रास्त्यांसारख्या जुन्या घराण्याची जहागीर जप्त केली आणि डेंगळ्याला डोक्यावर बसविले, त्याच्या दरबारात खरे बोलण्याची सोय उरली नाही. दक्षिणेतील जहागीरदारांचा तंटा १८१२ साली पंढरपुरासच तहाने मिटला, आणि तो मिटविणारा कोण, तर एल्फिन्स्टन! ज्यांना न्यायासाठी वाड्याऐवजी संगमावरच्या रेसिडेन्सीचा उंबरठा झिजवावा लागला, त्यांतल्या कोणी तेथे वाड्यातली गोष्ट सांगितली, तर त्यात नवल ते कसले? खडकीच्या लढाईपूर्वी कंपनीचे शिपाई फोडण्याचा बेत बाजीरावाने आखला. यशवंतराव घोरपड्यांना त्यासाठी पैसा देऊन गुप्ततेची शपथही घातली. घोरपड्यांनी ती हकीकत एल्फिन्स्टनलाच सांगितली. हे नातू नव्हेत, हे विशेष.

यामुळे नातू निर्दोष ठरतात असे मुळीच नाही. उलट त्यांचे दुसरे कृत्य पहिल्याहून काळे आहे आणि त्याचा उल्लेख कमी होतो. २० फेब्रुवारी १८१८ रोजी याच सोलापूर जिल्ह्यातील अष्टी येथे बापू गोखले लढता लढता पडले. बाजीराव पालखी टाकून घोड्यावरून निसटला आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पुढे साताऱ्याच्या गादीवर बसलेल्या या शहाण्या, प्रजाहितदक्ष राजाविरुद्ध कटाचे कुभांड रचले गेले, तेव्हा रेसिडेंट ओव्हान्सच्या दिमतीस पुन्हा नातूच होते. बाजीरावाने स्वतःच्या कर्माने शत्रूला वाट करून दिली होती. प्रतापसिंहांनी तसे काहीच केले नव्हते. १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दारोदार फिरत होते. तेथे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई. पण कंपनीच्या दप्तरात रेसिडेन्सीकडून आलेले कागद आधीच जाऊन बसलेले होते.