पैसे घटकाभराचे, धिंड जन्माची



हॉटेलात मिसळ खाल्ली, तर्री पातळ निघाली, पोरानं मोबाइल काढून दोन स्टार ठोकले. ठीक आहे. रिक्षावाल्यानं जादा पैसे घेतले, तेही लिहिलं. तेही ठीक. आता तोच पोरगा गल्लीत जातो, बाईबरोबर बसतो, वीस मिनिटांनी जिना उतरतो आणि त्याच बोटांनी तिच्यावर लिहितो. तिचं नाव. कुठल्या घरात, कितव्या मजल्यावर, कुठल्या दारात उभी असते ते. रंग. वय. छाती. पोटावर टाके आहेत, म्हणजे पोर झालेलं आहे. काय करते, काय करत नाही. किती मागते, घासाघीस केली तर कितीवर येते. शेवटी शेरा : पैसे वसूल. नाहीतर : फालतू, कुणी जाऊ नका. खाली बाकीचे मर्द धन्यवाद म्हणतात.

मी हे वाचलंय. तुमच्यातल्याही पुष्कळांनी वाचलंय. माना खाली घालू नका, वर करून ऐका.

मी पुण्यात बुधवार पेठेच्या अंगाला वाढलो. माझी आई तिथल्या घरांत चहा पोचवायची. एका बाजूला दगडूशेठचा गणपती, दुसऱ्या बाजूला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, मधे ही गल्ली. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायला आलेली पोरं गठ्ठा बगलेत मारून तिकडं वळतात. काही जण वर जातात. काही नुसते खिशात मोबाइल उभा ठेवून चालत जातात, दारातल्या बायांचं चित्रण करतात आणि गल्लीचं नाव देऊन जगासमोर टाकतात. त्या बाईला पत्ता नसतो. ती केस विंचरत असते, कुणाशी तरी हसत असते, पोराला भरवत असते.

या बायांना कुणी वेश्या म्हणतं, कुणी सेक्स वर्कर म्हणतं. गल्लीत त्या स्वतःला धंदेवाली म्हणतात. मी त्यांचाच शब्द घेतो.

आता लिहिणाऱ्याचा युक्तिवाद ऐका. तो म्हणतो, मी पैसे दिले. अनुभव माझा आहे. मत माझं आहे. लिहायचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय. वा रे पठ्ठ्या! एरवी वर्षभर घटना आठवत नाही, धंदेवालीच्या अंगावर लिहायचं म्हटलं की कलम एकोणीस तोंडपाठ.

पैसे कशाचे दिले ते आधी बोलू. घटकाभराचे दिले. त्या खोलीतले, त्या कामाचे, जे ठरलं तेवढ्याचे. ती हो म्हणाली ते तेवढ्याला. तुझ्या हजार दोस्तांना तिच्या पोटावरचे टाके दाखवायला ती हो म्हणाली नव्हती. तू विचारलंच नव्हतंस. न्हाव्याच्या हातात मान दिली म्हणजे गळा दिला असं होत नाही. संमती ही एकेका गोष्टीची असते, घाऊक नसते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. देशाच्या कायद्याला हा फरक कळतो. २०१३ साली भारतीय दंड विधानात ३५४ क हे कलम आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ७७ वं कलम आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय, की बाईनं खाजगी क्षणाचं चित्र काढायला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसली, तर दाखवणं हा गुन्हा. काढणं वेगळं, दाखवणं वेगळं. हे कलम चित्रापुरतं आहे, शब्दांना ते लागत नाही. पण तत्त्व तेच. बसणं वेगळं, बोभाटा वेगळा.

कुणी म्हणेल, बाजारात बसलेल्या बाईला कसलं आलंय खाजगीपण? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही मिळून गेलंय. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत १९६५ साली एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री एका बाईच्या झोपडीत वर्दीवर घुसला. बाईनं आरडाओरडा केला. चौकशी झाली, नोकरी गेली. साहेब हायकोर्टात गेले. तिथं बाईचं चारित्र्य काढलं गेलं. असल्या बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी घालवायची काय, असा सूर लागला. शेवटी १९९० साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : बाई कशीही असो, खाजगीपणाचा हक्क तिलाही आहे, कुणीही वाटेल तेव्हा तिच्यात घुसू शकत नाही. पुढं २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. पण भिवंडीच्या झोपडीतल्या त्या बाईच्या नावावर हा हक्क २७ वर्षं आधीच लागला होता. पांढरपेशांना उशिरा कळलं इतकंच.

आणि २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं आणखी सांगितलं. धाडीत पकडलेल्या धंदेवाल्यांची ओळख वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनं उघड करू नये. आधार कार्ड देताना तिच्या नंबरात धंद्याची कसलीही खूण ठेवू नये. बघा, सरकारनं कार्डावर साधी खूण ठेवायची नाही. आणि हा बिननावाचा गिऱ्हाईक तिचा सगळा देह नकाशासारखा छापतो.

बिननावाचा म्हणालो, ते मुद्दाम. या सगळ्या लिखाणात नाव फक्त तिचं असतं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव. त्याची बायको, त्याचा साहेब, त्याचा बाप, कुणाला काही कळत नाही. त्याला अब्रू आहे ना! म्हणजे खाजगीपणाची किंमत त्याला नीट ठाऊक आहे. स्वतःपुरती.

ही वही काही मोबाइलनं जन्माला घातलेली नाही. लंडनमध्ये १७५७ पासून १७९५ पर्यंत कॉव्हेंट गार्डनच्या बायांची यादी पुस्तक करून विकत. कुठं राहते, दिसायला कशी, दात कसे, किती घेते. गोऱ्या साहेबांनी खिशात घालून फिरावं म्हणून. तेच साहेब इथं राज्य करायला आले तेव्हा १८६८ साली त्यांनी कायदा केला. धंदेवालीनं सरकारी वहीत नाव लिहून घ्यायचं, ठरल्या दिवशी जाऊन अंग तपासून घ्यायचं, नाही गेली तर शिक्षा. रोग दोघांना होत होता, नाव मात्र एकटीचं लिहिलं. शिपायाचं, खलाशाचं कुणी लिहिलं नाही. तो कायदा १८८८ साली गेला. वही राहिली. आता ती प्रत्येक गिऱ्हाईकाच्या खिशात आहे.

आणि त्या वहीत जात आहे. शब्दानं नसली तरी नजरेनं आहे. नेपाळी, बंगाली, कानडी, गोरी, काळी, गावठी. गुरांच्या बाजारात दात मोजावेत तसा हिशेब. सीमाभागातल्या कितीतरी पोरी देवाला सोडल्या गेल्या. त्या पोरी कुणाच्या? तुमच्या माझ्या घरातल्या, महारा-मांगांच्या. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी १९३४ साली कायदा झाला, महाराष्ट्रानं पुन्हा २००५ साली केला. जोगतिणीला देवाची म्हणायचे आणि वापरायची गावानं. तिचं अंग म्हणजे गावाची चावडी, येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं, बोलावं, थुंकावं. आता गाव मोठं झालंय, चावडी मोबाइलात गेलीय. बाकी काय बदललं?

१९६३ साली शिरसगावात आपल्या बायांची नागवी धिंड काढली. त्या आठवणीनं आपली मुठी आजही वळते. मग मला सांगा, धंदेवालीच्या देहाचं असं वर्णन गावभर फिरवणं, ही धिंड नाही तर काय आहे? त्या धिंडीला निदान दिवस मावळायचा. ही रात्रंदिवस चालू असते. बाई धंदा सोडेल, गावी जाईल, म्हातारी होईल, तरी लिहिलेलं तिथंच असतं.

तिचं नुकसान काय होतं ते विचारा. मी विचारलंय. एक बाई म्हणाली, "भाऊ, गिऱ्हाईक म्हणतं, निरोध काढ, नाहीतर वाईट लिहीन. आता बोल." म्हणजे स्टार नव्हे, हा चाकू झाला. तिचं 'नाही' मोडायचं हत्यार. तिनं अंगाला, जिवाला जपण्यासाठी जे नाकारलं, तेच दुसऱ्या दिवशी तक्रार म्हणून छापून येतं. दुसरी म्हणाली, "गावात सांगितलंय, मी पुण्यात धुणंभांडी करते. पोरगी दहावीला हाय. तिच्या वर्गातल्या कुणाच्या मोबाइलात मी दिसले तर?" या 'तर'ला कुठल्या मर्दाकडं उत्तर आहे?

मग तक्रार का करत नाहीत? चौकीवर गेली की पहिला प्रश्न : धंदा करतेस का? १९५६ चा पिटा कायदा बघा. बाईनं पैसे घेऊन बसणं हा त्यात थेट गुन्हा नाही. पण देवळापासून, शाळेपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर गुन्हा, गिऱ्हाईकाला खुणावलं तर गुन्हा, बायांनी मिळून घर चालवलं तर गुन्हा. म्हणजे जगायला परवानगी, श्वास घ्यायला बंदी. तिची तक्रार म्हणजे तिचाच कबुलीजबाब. बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापणं गुन्हा आहे आणि ते बरोबरच आहे. धंदेवालीचं नाव मात्र मोकाट सोडलेलं. हॉटेलमालकाला वाईट शेऱ्यावर उत्तर देता येतं. ही उत्तर देईल ते कुठल्या नावानं?

काही सुधारक लगेच म्हणतील, मग सगळं बंदच करून टाका. थांबा साहेब. अमेरिकेनं २०१८ साली कायदा करून बायांच्या जाहिरातींची ठिकाणं बंद पाडली. आधी बोलून, चौकशी करून गिऱ्हाईक पारखायची जी सोय होती तीच गेली, असं तिथल्या धंदेवाल्याच ओरडून सांगत होत्या. बंदीचा दांडा नेहमी बाईच्याच पाठीत बसतो. मागणी धंद्यावरच्या बंदीची नाही. मागणी तिच्या संमतीची आहे.

दुसरे हुशार विचारतात, बाया पण गिऱ्हाईकांच्या याद्या ठेवतात, ते चालतं? हो, चालतं. मेलबर्नमध्ये १९८६ साली धंदेवाल्यांच्या संघटनेनं मारझोड करणाऱ्या, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाईकांची माहिती एकमेकींना द्यायला सुरुवात केली. ती यादी जीव वाचवायला होती. तुमची यादी चवीची आहे. कोयता घेऊन येणाऱ्याची खबर देणं आणि शेजारणीच्या अंगाची खबर देणं, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला मी काय समजावू?

आता आपल्यातल्या आपल्यात. काही कार्यकर्ते बाबासाहेबांच्या भाषणाचा दाखला देतात. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब कामाठीपुऱ्यातल्या बायांशी, मुरळी-जोगतिणींशी बोलले. हे जिणं सोडा, असं कडक शब्दांत बोलले. खरं आहे. पण ते बायांना समोर बसवून, तोंडावर, भर सभेत, स्वतःच्या नावानिशी बोलले. पाठीमागं, टोपणनावानं नाही. त्यांनी बाईला त्या नरकातून उठायला सांगितलं, तुम्हाला तिथं जाऊन तिच्या मांड्या मोजायचा परवाना दिला नाही. त्या भाषणाच्या आड लपणाऱ्यांनी जरा लाज धरावी.

सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून उभी आहे. धंदेवाल्या आपलं आपण बोलतात. आपण त्यांचे वकील व्हायची गरज नाही. आपण आपल्या पोरांचे कान धरायचे आहेत.

तेव्हा चळवळीतल्या प्रत्येक शाखेत हे ठरवा. बाईचं नाव, चेहरा, घर, अंगावरची खूण, ती काय करते आणि काय करत नाही, हे तिच्या संमतीशिवाय लिहायचं नाही, बघायचं नाही, पुढं पाठवायचं नाही. तिनं पुसा म्हटलं की पुसायचं, कारण विचारायचं नाही. पोलिसांनी तिची तक्रार धंदा न विचारता घ्यावी आणि तिचं नाव कागदावर झाकावं, यासाठी चौकीवर मोर्चा न्यायचा. मोर्चा कधी, कसा, ते त्या बायांना विचारून. आणि आपल्या ग्रूपवर असं काही आलं, तर टाकणाऱ्याला तिथंच, सगळ्यांसमोर, नावानिशी विचारायचं : हे कुणाला विचारून टाकलंस?

जयंतीच्या मिरवणुकीत पुढं नाचणारा असला तरी विचारायचं. तो आपला आहे म्हणूनच विचारायचं.

जय भीम.