सैनिकांची पत्रे की निष्ठेचे दाखले?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर मुस्लिम सैनिकांच्या याद्या फिरू लागतात. कुणाला कोणते पदक मिळाले, कोण कुठे शहीद झाला, पहिला व्हिक्टोरिया क्रॉस घेणारा भारतीय सैनिक कोण, तर खुदादाद खान. यातली बरीच माहिती खरी असते. पण ती पाठवण्यामागचे कारण आम्हाला खटकते. कुणीतरी आपल्या निष्ठेवर शंका घेतली म्हणून आपण शंभर वर्षांपूर्वीचे सैनिक साक्षीला उभे करतो. त्या सैनिकांना नेमके काय वाटत होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते विचारण्याचे काम डेव्हिड ओमिसी या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्यांची दोन पुस्तके महत्त्वाची. १९९४ चे 'द सिपॉय अँड द राज' हे ब्रिटिशांच्या हिंदी फौजेविषयी आहे: भरती कशी होई, 'लढाऊ जमाती' कशा ठरवल्या जात, माणूस फौजेत का जाई. दुसरे १९९९ चे 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर'. त्यात पहिल्या महायुद्धात युरोपात असलेल्या हिंदी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची सहाशेहून अधिक पत्रे आहेत.

ही पत्रे टिकली कशी, तेही समजून घेण्यासारखे आहे. १९१४ ते १९१८ या काळात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी लोक फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेले. त्यांची पत्रे सरकार उघडून वाचत असे. फौजेत असंतोष पसरतोय का, याचा अंदाज घेण्यासाठी निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून अहवाल तयार होत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे, त्यातली कितीतरी उर्दूत लिहिलेली, घरोघर गेली आणि बहुतेक काळाच्या ओघात नाहीशी झाली. म्हणजे आपल्या माणसांचे शब्द आज आपल्याला परक्या भाषेत वाचावे लागतात, तेही ज्याने हेरगिरीसाठी उतरवून घेतले त्याच्या वहीतून.

ओमिसी हे लपवत नाहीत. पुष्कळ सैनिकांना लिहिता येत नव्हते, ते सोबत्याकडून लिहून घेत. गावात पत्र मोठ्याने वाचून दाखवले जाई. वर साहेब वाचतोय हेही माहीत. त्यामुळे लोक आडून बोलत. हिंदी फौजेला काळी मिरी म्हणायचे, गोऱ्यांना लाल मिरची, आणि काळी मिरी संपत आली असे घरी कळवायचे. सेन्सॉरला हे समजले, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आले.

या पत्रांत काय नाही? बादशहाचे मीठ खाल्ले, आता इज्जत राखायची, असे लिहिणारे आहेत. इथे कुणी भरती होऊ नका, असे भावाला बजावणारेही आहेत. थंडी, तोफा, गावची थकलेली बाकी, रमजानची काळजी आहे. फ्रान्समधल्या शिकलेल्या, शेत आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बायका बघून आपल्या मुलींना शाळेत घाला, असे कळवणारे सैनिकही आहेत. ही गोष्ट आपल्या पालकसभेत वाचून दाखवावी अशी आहे.

तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर मुस्लिम सैनिकांचा पेच वाढला. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला. तरीही बहुसंख्य सैनिक ब्रिटिशांकडूनच लढले. पण सगळे नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतल्या मुस्लिम शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार, ही अफवा त्यामागच्या कारणांपैकी एक होती. ४७ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

मीर दस्त आणि मीर मस्त हे तर सख्खे आफ्रिदी भाऊ. मीर मस्त मार्च १९१५ मध्ये काही साथीदारांसह रात्री जर्मनांकडे निघून गेला. पुढच्याच महिन्यात इप्रच्या लढाईत, विषारी वायूच्या हल्ल्यात, मीर दस्तने जखमी साथीदारांना वाचवले आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका आईची दोन मुले. आता यादीत कुणाचे नाव घालणार? एकाला निष्ठावान आणि दुसऱ्याला गद्दार म्हणायचे, की एकाला गुलाम आणि दुसऱ्याला मुजाहिद? निष्ठा कुणाशी, हा प्रश्नच इथे अडतो. ते राज्य तर दोघांचेही नव्हते.

आम्हाला वाटते, ओमिसींच्या पुस्तकांचा खरा धडा हाच आहे. सैनिक हा पगार, इज्जत, घर, दीन आणि भीती या सगळ्यांत सापडलेला माणूस होता. त्याला दाखला म्हणून वापरले की त्याचा माणूसपणा जातो, आणि दाखला मागणाऱ्याचा हक्कही आपण मान्य करून बसतो. या देशाचे नागरिक असणे हे आजोबा-पणजोबांच्या पदकावर अवलंबून नाही.

एक उणीव मात्र राहते. या पत्रांत पंजाब आणि सरहद्द प्रांताचा आवाज मोठा आहे, आपल्या भागाचा फार कमी. खरे तर मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत, आणि यातल्या काही पलटणी इराकात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. कोकणातले कितीतरी मुस्लिम खलाशी जहाजांवर होते. त्यांचे लिहिलेले फारसे कुठे छापलेले नाही.

म्हणून घरातल्या जुन्या ट्रंका एकदा उघडून बघा. उर्दूतले एखादे पत्र, पेन्शनचा कागद, जहाजाची नोकरी-वही सापडली तर रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या शिक्षकाकडे न्या. फोटो काढा, मराठीत उतरवा, कुणाचे आणि कुठले ते मागे लिहून ठेवा. वडीलधाऱ्यांना विचारा, आजच विचारा. सरकारने आपल्या सोयीसाठी जेवढे जपले तेवढेच आज पुस्तकांत आहे. उरलेले जपायचे काम आपले आहे.